शेषरावांचा शेवटचा रुसवा

मूर्तिजापूरचे शेषराव फुलांपेक्षा रुसण्यासाठी जास्त ओळखले जायचे. फुलं ते चांगलीच पिकवत. त्यांचा झेंडू अकोल्याच्या बाजारात इतरांच्या झेंडूआधी उचलला जायचा. पण फुलं पिकवणारे गावात आणखीही होते. रुसणारे मात्र ते एकटेच.

तसं जवायानं रुसणं हे आमच्या वऱ्हाडात काही नवलाचं नाही. लग्नात एकही जवाई रुसला नाही तर परतताना बायका म्हणतात, कार्य जरा मिळमिळीतच झालं. पण बाकीचे जवाई हौसेनं रुसतात. शेषराव गवयानं सूर लावावा तसे रुसायचे. एका चुलत मेहुण्याच्या लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव खालून दुसरं छापलं होतं, त्यावर रुसले. दुसऱ्या एका लग्नात वाढपी त्यांच्या पानापर्यंत आला आणि नेमकी तिथेच त्याची बुंदीची बादली संपली. ती भरून आणेपर्यंत शेषराव पंगतीतून उठून गेले होते. या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक जुनं दुःख होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं सफारीचं कापड कमी भरलं. टेलरनं हरतऱ्हेनं कापून पाहिलं, तरी पँट घोट्याच्या वरच राहिली. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत शेषराव पूर आलेला नाला ओलांडायला निघाल्यासारखे उभे आहेत.

त्यांच्या रुसण्याला पद्धत होती. ते कधीही घरी निघून जात नसत. निघून जातो तो कच्चा जवाई, असं त्यांचं मत होतं. मांडवातून स्पष्ट दिसेल अशा झाडाखाली बाज टाकायची, लोकांकडे पाठ करून बसायचं, दुपट्टा डोक्यावरून घ्यायचा आणि बोलायचं नाही. मग मनवणाऱ्यांची रांग लागायची. आधी लेकरं, मग घरातली सून, मग मेहुणा, आणि अगदीच गळ्याशी आलं तर खुद्द सासरा. सासऱ्यापर्यंत पाळी क्वचितच यायची, कारण तोवर पंगत बसायची, बुंदीचा वास सुटायचा, आणि शेषरावांना बुंदी फार आवडायची.

त्यांची बायको आशाबाई हिनं हे सगळं संसारभर खाली मान घालून सोसलं. तिचं माहेर बाळापूरकडचं. वडील नत्थुजी, थोरला भाऊ पुंजाराम, धाकटा सूर्यभान. बहीण ती एकटीच, म्हणून त्या घराला जवाईही एकच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सूर्यभान अकोल्याच्या दवाखान्यात स्वतःच्या पायानं चालत गेला. घरी परत आल्या त्या त्याच्या चपला आणि मोबाईल. मोबाईलची बॅटरी अजून शिल्लक होती, आणि दोन दिवस तो मधूनमधून वाजत होता. कुणीतरी बियाण्याचा भाव विचारायला फोन करत होतं.

मागे राहिली बायको मैनाबाई आणि मुलगी अपेक्षा. अपेक्षा नुकतीच नववी पास झाली होती, तीही परीक्षा न देता. सगळ्यांनाच पास केलं होतं. मी अभ्यास केला होता, मग न केलेल्यांच्यात मला कशाला बसवलं, अशी तिची तक्रार होती. वडील गेल्यावर तिनं ती तक्रार करणं सोडून दिलं.

पुंजाराम वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या दारावर पत्र्याचा आडोसा लागत होता. आज आहोत, उद्या असू नसू, सूर्यभानच्या पोरीचे हात पिवळे करून टाकले की आपण मोकळे, असं त्यानं ठरवलं. बाप गेल्यावर वर्षाच्या आत मुलीचं लग्न करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, हा रिवाज त्याला आठवला. शिवाय सरकारनंच सांगितलं होतं, पंचवीस माणसं आणि दोन तास. गावजेवण नाही, बँड नाही, वरात नाही. लग्न करायला याहून सोयीचा काळ पुन्हा कधी यायचा, असं तो पारावर म्हणाला आणि ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. तिवस्याकडचं एक घर मिळालं. मुलगा नितेश वेल्डिंगच्या दुकानात होता, निर्व्यसनी होता. मुलगी पंधरा वर्षांची आहे, एवढी एकच गोष्ट पुंजारामनं तिकडे सांगितली नाही. अठरा पूर्ण झाली म्हणाला.

मैनाबाईला कुणी विचारलं नाही. त्या घरात ती सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती, आणि आता तर कपाळ पांढरं झालेलं. एका दुपारी गोठ्यात जाऊन, म्हशीच्या आडोशाला उभं राहून तिनं मूर्तिजापूरला फोन लावला. फोन आशाबाईच्या नावानं होता, पण बोलायचं होतं शेषरावांशी.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुमी रुसता का?”

शेषरावांना वाटलं, टोमणा आहे. टोमण्यावरही त्यांना रुसता यायचं.

“मी खरंच म्हनून राहिली. अपेक्षाच्या लग्नात रुसा. कायच्यावरबी रुसा. पन लग्न होऊ देऊ नका.”

आशाबाईनं शेजारून फोन घेतला आणि वहिनीला सांगितलं, लहान मुलांसाठीचा सरकारी फोन नंबर आहे, मी लावते. म्हैस रवंथ करत असल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मैनाबाई म्हणाली, “पोलिस एक दिवस येतीन आनि जातीन, ताई. मले त्याच चुलीपाशी रोज राहाचं हाय. आधी भाऊजीले पाहू द्या. नाईच जमलं तर लावा.”

आशाबाईनं नंबर मोबाईलमध्ये भरून ठेवला. त्या रात्री शेषराव जेवले नाहीत. रुसले नव्हते, धास्तावले होते. आजवर ते शेकडो वेळा रुसले होते, पण कारण असताना रुसायची ही पहिलीच वेळ होती. जमेल की नाही, याची त्यांना खात्री वाटत नव्हती.

फुलांना बंदी होती, भाजीला नव्हती. मंदिरं बंद, लग्नं पंचवीस माणसांची. वावरातला झेंडू झाडावरच वाळत होता. पिवळ्याचा तपकिरी होत चाललेला तो तुकडा संध्याकाळी लांबून राख धरलेल्या चुलीसारखा दिसायचा. त्यातल्या त्यात बरी फुलं निवडून शेषरावांनी दोन हार केले, मालवाहू ऑटोत गवारीच्या शेंगांखाली ठेवले, आणि भाजीच्या पासवर नवराबायको निघाले. हार कशाला, असं आशाबाईनं विचारलं. लग्न होऊ द्यायचं नसलं तरी भाचीच्या लग्नाला फुलवाला रिकाम्या हातानं गेला, असं लोकांनी म्हणायला नको, असं त्यांचं म्हणणं. अकोल्याच्या नाक्यावर पोलिसानं शेंगा उकरल्या आणि हार वर काढला. आशाबाई म्हणाली, हे सासरवाडीला चालले आहेत. पोलिसानं शेषरावांकडे नीट पाहिलं, हार पुन्हा शेंगांखाली सारला आणि सोडून दिलं. तोही कुणाचा तरी जवाई असणार.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात चार बांबू रोवलेले होते. आमच्याकडे मांडवावर घालायच्या हिरव्या डहाळ्या घरच्या जवायानं आणायच्या असतात. त्याशिवाय त्याला मांडव म्हणत नाहीत. मुहूर्त दहाचा. उन्हं चढायच्या आत जांभळीच्या चार डहाळ्या आणा, म्हणून पुंजारामनं निरोप पाठवला. शेषरावांनी बाज उचलली, कडुनिंबाखाली टाकली, पाठ केली आणि डोक्यावरून दुपट्टा घेतला.

घरात बातमी गेली. कुणी दचकलं नाही.

“रुसले का?” पुंजाराम म्हणाला. “बरं झालं बाप्पा, लवकर रुसले. दहापर्यंत मोकळे होतीन.”

आधी लेकरं पाठवली. त्यांनी दुपट्टा ओढला, बाजेखाली शिरून गुदगुल्या केल्या. शेषराव हलले नाहीत. मग पुंजारामची बायको पार्वताबाई चहा आणि शेव घेऊन आली. त्यांनी चहा घेतला नाही. तेव्हा मात्र पार्वताबाईला थोडं विचित्र वाटलं, कारण चहा हा रुसव्यात धरत नाहीत. मग पुंजाराम स्वतः आला, बाजेच्या कडेला टेकला आणि नेहमीच्या शिरस्त्यानं म्हणाला की आमचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला.

शेषरावांनी दुपट्टा बाजूला केला. खरं तेच सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं.

“पोरगी पंधराची हाय, पुंजारामभाऊ. हे लग्न नाई व्हाले पायजे.”

पुंजारामनं समजुतीनं मान हलवली. “बरं, बरं. आनि खरं कारन?”

शेषरावांनी पुन्हा तेच सांगितलं. पुंजाराम म्हणाला, ते राहू द्या, पत्रिका तर छापलीच नाही, मग नावाचा प्रश्न नाही. बुंदी करायला घेतली आहे. मग राहिलं काय? आयुष्यभर बुंदीवरून रुसलेला माणूस कायद्यावरून रुसला, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तो उठून गेला आणि आत सांगितलं, अजून खरं बोलत नाहीत.

त्यानंतर पाण्याचा गडवा घेऊन अपेक्षा आली. हातांना हळद, अंगावर आत्याच्या लग्नातली जुनी हिरवी साडी, आणि ती खाली येऊ नये म्हणून जागोजागी पिना. तिनं गडवा बाजेवर ठेवला आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच म्हणाली,

“फुफाजी, आज पक्कं रुसा. दर बारी तुमी बुंदीवर मानता.”

शेषरावांना हे लागलं. “तू काई खाल्लं का?” त्यांनी विचारलं.

“नवरीनं उपाशी राहा लागते म्हने.”

“मंग मीबी उपाशी,” शेषराव म्हणाले. ती गेल्यावर त्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं, कारण त्याच वेळी आचाऱ्यानं पहिला घाणा काढला. वारा नेमका घराकडून कडुनिंबाकडे होता. शेषरावांनी बाज फिरवली. वारा फिरला. त्यांनी बाज पुन्हा फिरवली. अंगणातल्या मंडळींना दिसत होतं ते एवढंच, की जवाईबुवा आज बाजेसकट रुसले आहेत.

तिवस्याची मंडळी जीपनं आली. पासावर जेवढी नावं होती तेवढीच माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. नवरदेवाच्या मुंडावळ्या मास्कच्या दोऱ्यांत अडकल्या होत्या आणि त्याची आई त्या सोडवत होती. व्याही रिवाजाला धरून चालणारे, जाड भिवयांचे गृहस्थ होते. मांडवावर डहाळ्या नाहीत, हे त्यांनी उतरल्या उतरल्या पाहिलं. कारण कळल्यावर ते कडुनिंबाकडे थोड्या आदरानंच बघू लागले.

“जवाई मानल्याबिगर अक्षता पडत नाई आमच्यात,” ते म्हणाले. “मनवा. पन घड्याळबी पाहा. दोन तासांचीच परवानगी हाय.”

मग शेवटचा उपाय झाला. दोघांनी दोन बाजूंनी धरून नत्थुजींना आणलं. म्हातारा लेक गेल्यापासून घराबाहेर पडला नव्हता. तो बाजेवर बसला, बराच वेळ धापा टाकत राहिला, आणि मग म्हणाला,

“जवाई, ते सफारीचं कापड कमी पडलं होतं. मले माहीत हाय. तेव्हाबी माहीत होतं. दुकानदारानं तेवढंच होतं म्हनून सांगतलं. आता पूर्न देतो. शिलाईसगट.”

हे वाक्य ऐकण्यासाठी शेषराव इतकी लग्नं रुसले होते. सासऱ्याला ते माहीत होतं, याचाच त्यांना केवढा आधार वाटला. त्यांचा हात दुपट्ट्याकडे गेलाही. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली मैनाबाई त्यांना दिसली. ती कणीक तिंबत होती आणि इकडे पाहत नव्हती. लग्नघरात सगळे इकडेच पाहत असताना ती एकटीच पाहत नव्हती. शेषरावांनी हात मागे घेतला, सासऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि मान हलवली. नाही.

आता घरात खरी घबराट झाली. सफारीवरही मानत नाहीत म्हणजे काय? पुंजाराम, पार्वताबाई आणि आणखी दोनतीन जाणते ओसरीवर जमले. चहा नाही, बुंदी नाही, सफारी नाही. असा अपमान झाला तरी कोणता? आणि मग पार्वताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. सूर्यभान नाही. मैनाबाईला कन्यादान करता येत नाही. कन्यादानाला बसणार होते पार्वताबाई स्वतः आणि पुंजाराम. पोरीची सख्खी आत्या आणि फुफा मूर्तिजापूरहून शेंगांच्या ऑटोत बसून आले, आणि त्यांना कुणी विचारलं तरी का, की कन्यादान तुम्ही करता?

सगळ्यांना एकदम पटलं. इतकं उघड होतं की आधी कसं सुचलं नाही, याचंच नवल. शेषराव यावर रुसले नसते तरच आश्चर्य. पुंजारामनं ताटात नारळ, दुपट्टा आणि टोपी घेतली, व्याह्यांना सोबत घेतलं, आणि सगळं लग्नघर त्याच्यामागून कडुनिंबाखाली आलं.

“जवाईबुवा, चुकलं आमचं,” पुंजाराम म्हणाला. “कन्यादान तुमचं. तुमी आनि आशानं करा.”

शेषराव नाही म्हणणार होते. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण आशाबाई, जी आयुष्यात नवऱ्याच्या रुसव्याजवळ कधी फिरकली नव्हती, ती बाजेमागे येऊन उभी राहिली होती. तिनं त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की त्यांचं तोंड आपोआप मिटलं.

“घ्या,” ती दातांखालून म्हणाली. “नारळ घ्या न.”

शेषरावांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काय दिसलं कोण जाणे, पण ते हळूहळू ताठ झाले. त्यांनी नारळ घेतला. दुपट्टा अंगावर घालून घेतला. टोपी डोक्यावर ठेवू दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

“म्हंजे आता पोरीचा बाप कोन?”

“तुमीच,” पुंजाराम म्हणाला.

“व्याहीबुवा, तुमाले मंजूर हाय?”

“मंजूर, मंजूर,” व्याही घड्याळ पाहत म्हणाले. “उठा आता.”

शेषराव उठले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, कुणी टाळ्याही वाजवल्या, अक्षतांची वाटी फिरू लागली. शेषराव बिनडहाळ्यांच्या मांडवात आले, व्याह्यांच्या समोर उभे राहिले, नुकतीच घातलेली टोपी काढली आणि वाकून त्यांच्या पायांवर ठेवली.

हे कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं. ज्या माणसापुढे सगळ्यांनी हात जोडावे तो माणूस हात जोडून उभा होता.

“माह्या पोरीचं लग्न मले आता कराचं नाई,” ते म्हणाले. “ते पंधराची हाय. शिकून राहिली. मले माफ करा.”

पुंजारामला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पुढे धावला. हे काय बोलता, वर्षाचा रिवाज आहे, बाप मेल्यावर वर्षाच्या आत झालं नाही तर...

“कोनाचा बाप मेला?” शेषराव म्हणाले. “मी जित्ता हाय ना.”

चुलीपाशी मैनाबाईचे हात कणकेत तसेच थांबले. सूर्यभानचं नाव कुणी घेतलं नाही, पण तो आठवला सगळ्यांना. नत्थुजींनी डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. तोंडात मारल्यासारखा पुंजाराम उभा राहिला, कारण नारळ त्यानंच दिला होता, साक्षीला व्याहीही त्यानंच आणले होते, आणि रिवाज त्यानंच काढला होता.

व्याह्यांच्या भिवया जवळ आल्या. आम्हाला अठरा सांगितलं होतं, ते म्हणाले, ही फसवणूक आहे. त्यांनी अपेक्षाकडे वळून विचारलं, तुझं वय काय, बाई?

“पंधरा,” अपेक्षा म्हणाली. मग थोडं थांबून, खरं ते पूर्ण सांगावं म्हणून तिनं पुढे जोडलं, “दहावीत गेली. पन परीक्षा न देता.”

नवरदेवानं मास्क खाली ओढला. मुंडावळ्या त्याच्याबरोबर खाली आल्या. बाबा, चला, एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले होते.

व्याही अजून रागातच होते. जीपभाडं, पास, लोकांत झालेली शोभा, सगळं त्यांनी बोलून दाखवलं. शेषरावांनी एकदाही मान वर केली नाही. शेवटी ते इतकंच म्हणाले, “फोन खिशात होता, व्याहीबुवा. नंबरबी होता. पन मी सासरवाडीत आलो, ठान्यात नाई गेलो. तुमाले कोर्टात उभं कराचं माह्याबी मनात नव्हतं.”

ठाणं आणि कोर्ट हे शब्द मांडवात थोडा वेळ तरंगत राहिले. व्याह्यांनी विचार केला. मग ते वाकले, पायांवरची टोपी उचलली, झटकली आणि शेषरावांच्या डोक्यावर नीट बसवली.

“तीन वर्सं आमी थांबनार नाई,” ते म्हणाले.

“नका थांबू,” शेषराव म्हणाले. “पन जेवल्याबिगर जाऊ नका.”

त्यांना जेवायला बसवणं सोपं गेलं नाही. शेषराव एकेकापुढे गेले, हात जोडले, पाट मांडले. व्याह्यांच्या भावाला आलू-वांग्याची भाजी तिखट लागली, तर त्याच्यासाठी दही आणायला धावले. नवरदेवाच्या आईला उन्हाकडची जागा आली, तर दुपट्टा धरून सावली केली. बुंदीची बादली स्वतः घेऊन रांगेतून फिरले आणि आग्रह करकरून वाढली. शेवटी ते आणि अपेक्षा जेवायला बसले तेव्हा बादलीत तळाशी चमचाभर चुरा होता. तो त्यांनी तिच्या पानात वाढला.

त्या दुपारी ऑटोत शेंगांच्या जागी अपेक्षाची पेटी ठेवली गेली. पोरगी बापाच्या घरी जाते आहे, त्यात आम्ही काय बोलायचं, असं पुंजाराम कडवट होऊन म्हणाला. तो पुढे दिवाळीपर्यंत शेषरावांशी बोलला नाही. नत्थुजी मात्र बोलायचे. मैनाबाईशी तर ते आता रोज दोन शब्द बोलू लागले, आणि दर संध्याकाळी तिचा फोन मूर्तिजापूरला यायचा. तो आता गोठ्यातून येत नव्हता.

आपण काय करून बसलो, हे शेषरावांना सावकाश कळलं. पुढल्या वर्षी निर्बंध उठले, अडलेली लग्नं धडाधड लागू लागली. नात्यातल्या पहिल्याच लग्नात त्यांना पंगतीत गार वरण आलं. त्यांनी पान सारलं, उठू लागले, तोच एक म्हातारी म्हणाली, बस रे बाबू, तू आता पोरीचा बाप आहेस, उद्या तुझ्या मांडवात लोक रुसतील तेव्हा काय करशील? शेषराव बसले. त्यांनी गार वरण खाल्लं. लोकांना त्यांची दया आली. पुढे तर आपल्याला मनवायला कुणी येत नाही म्हणून दुसरे जवाई त्यांच्याकडेच सल्ला मागायला येऊ लागले, आणि ते त्यांना परत मांडवात पाठवू लागले.

बाप होण्याचा त्यांना काही सराव नव्हता. आशाबाईला मूलबाळ नव्हतं. शाळेत पालकांना बोलावलं की ते निशिगंधाची जुडी घेऊन जायचे आणि सगळ्या बाईंना एकेक काडी द्यायचे; बाईंनी अपेक्षाला सांगितलं की तुझ्या बाबांना म्हणावं, नुसतं या. दहावीला घरात मोबाईल एक आणि रेंज फक्त विहिरीच्या काठावर. मग शेषराव ती अभ्यासाला बसली की विहिरीच्या बाजूलाच वाफे खुरपायचे, तोल जाऊन पडेल म्हणून. खुरपून खुरपून त्या वाफ्यात गवताची काडी उरली नाही आणि शेवंतीही नीट उरली नाही. दहावी झाली, बारावी झाली. नितेशचं लग्न कधीचंच झालं होतं, रीतसर, एकवीस वर्षांच्या मुलीशी. त्याच्या वडिलांनी शेषरावांना पत्रिका पाठवली आणि ते हार घेऊन गेले.

बारावीनंतर अपेक्षाला अमरावतीला नर्सिंगला जागा मिळाली. शेषरावांना अकोला हवं होतं, जवळ पडतं म्हणून. ती म्हणाली अमरावती. त्यांनी आशाबाईकडे पाहिलं, आशाबाईनं मैनाबाईला फोन लावला, आणि ठरलं अमरावती. पोहोचवायला तिघं निघाले. मैनाबाई आदल्या दिवशी बाळापूरहून एकटी बसनं आली होती. एवढा प्रवास तिनं एकटीनं पहिल्यांदाच केला होता, पण तसं तिनं कुणाला सांगितलं नाही.

वसतिगृहाच्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. समोर एकच खुर्ची. बाईंनी विचारलं, मुलीच्या घरचं कोण आलंय? काही बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला?

शेषराव पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं, की तशी ही माझ्या बायकोच्या भावाची मुलगी, पण लाटेच्या वेळी असं झालं, की मांडवाला डहाळ्या नव्हत्या...

बाईंनी पेन खाली ठेवलं. मैनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, शेषरावांच्या बाजूनं पुढे आली आणि खुर्चीत बसली.

“मी तिची माय हाय,” ती म्हणाली. “मले इचारा.”

शेषरावांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी अपेक्षाच्या हातातली पेटी घेतली, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, आणि बाईंचं सगळं विचारून होईपर्यंत ती खाली ठेवली नाही.